मदत हवी आहे: १२ मिनिटांचा क्वालिटी रिव्ह्यू, ३१ स्लाइड्स, आणि चौथ्या स्लाइडवरच गाडी अडते

धागाकर्ता: मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी,

चाकणला ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशिनिंग करणाऱ्या सप्लायर कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दर महिन्याला प्लांट हेडसमोर रिव्ह्यू असतो आणि तिमाहीला कस्टमरचे लोकही बसतात, काही जण ऑनलाइन. मला १२ मिनिटं मिळतात. पीपीटीत पीपीएम (दर १० लाख नगांमागे रिजेक्ट नग) ट्रेंड, पॅरेटो (कुठले दोष सर्वाधिक ते दाखवणारा दांड्यांचा चार्ट), प्रत्येक तक्रारीचा पूर्ण ८डी (मूळ कारण आणि उपायांचा आठ टप्प्यांचा फॉर्म), ऑडिट पॉइंट्स असं सगळं मिळून ३१ स्लाइड्स होतात. चौथ्या स्लाइडवर 'हा आकडा कुठून आला?' असा प्रश्न येतो आणि वेळ तिथेच संपतो.

शिवाय मराठी स्लाइड्स (शॉप फ्लोअरच्या सूचनांच्या) हॉलमधल्या पीसीवर लावल्या की अक्षरांऐवजी भलतंच काहीतरी दिसतं. उभं राहिल्यावर पहिली दोन मिनिटं आवाजही कापतो.

'आत्मविश्वास ठेवा' सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद: लालपेन

१२ मिनिटं मिळाली म्हणजे बोलायला ८ धरा. बाकीची ४ प्रश्नांची. ८ मिनिटांत ६ स्लाइड्स नीट होतात. उरलेल्या २५ फेकू नका, शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा आणि त्यांचे नंबर एका कागदावर लिहून घ्या. स्लाइड शो चालू असताना १९ टाइप करून एंटर दाबलं की थेट १९वी स्लाइड येते. सगळ्यांसमोर खालीवर स्क्रोल करत बसायची गरज नाही.

पहिली स्लाइड 'अजेंडा' नको. तिथे तीनच वाक्यं हवीत: काय झालं, का झालं, आज तुम्हाला काय हवंय. उदाहरणार्थ (आकडे समजण्यापुरते):

'सप्टेंबरचा पीपीएम २५०, ऑगस्टचा ७५०. सप्टेंबरच्या १३ रिजेक्ट नगांपैकी ९ डेंटचे. ६० पार्टिशन ट्रे हव्यात, ५१,००० रुपये, आज मंजुरी द्यावी.'

साहेब पाचव्या मिनिटाला उठून गेले तरी काम झालेलं असतं. ट्रेची मागणी ३१व्या स्लाइडवर ठेवली तर ती पुढच्या महिन्यावर जाते, हे लिहून देतो.

'आकडा कुठून आला' याचं उत्तर त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत द्या: '१३ नग ÷ ५२,००० नग पुरवठा × १० लाख = २५०. कस्टमर पोर्टल, ३० सप्टेंबर अखेर.' भांडण बहुतेक वेळा छेदावरून होतं. डिस्पॅच आपण पाठवलेले नग मोजतो, कस्टमर त्याच्याकडे पोचलेले. महिनाअखेरीला निघालेली गाडी एकाच्या हिशेबात या महिन्यात आणि दुसऱ्याच्या हिशेबात पुढच्या महिन्यात पडते, मग पीपीएम जुळेल कसा? रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी डिस्पॅचशी बसून एकच आकडा ठरवा. वेगळा आकडा खिशात घेऊन कोणी हॉलमध्ये बसता कामा नये.

प्रतिसाद: उलटतपासणी

लालपेन यांच्याशी ९०% सहमत. फक्त '६ स्लाइड्स' हा आकडा धरून बसू नका. नाहीतर लोक सहाच स्लाइड्स ठेवतात आणि प्रत्येकीत पाच स्लाइड्सचा मजकूर कोंबतात. एका स्लाइडवर एक मुद्दा, मग त्या नऊ झाल्या तरी चालतील. घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा, तोच खरा हिशेब. मनातल्या मनात वाचलं की ८ मिनिटांचं ५ मिनिटांत संपल्यासारखं वाटतं.

८डीबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा वेळ तिथेच जात असणार. आठ रकान्यांचा पूर्ण फॉर्म ९ पॉइंटच्या बारीक अक्षरांत पडद्यावर टाकायची पद्धत सगळीकडे आहे आणि तो कोणी वाचत नाही. फॉर्म मेलने पाठवा. पडद्यावर चारच गोष्टी ठेवा: दोषाचा फोटो, मूळ कारण, उपाय, पुरावा.

मूळ कारण दोन बाजूंनी द्यावं लागतं: दोष का घडला आणि आपल्या तपासणीतून का निसटला. डेंटच्या बाबतीत 'का घडला' म्हणजे मशिनिंगनंतर नग एकाच क्रेटमध्ये एकमेकांवर पडतात आणि एकाची कड दुसऱ्याच्या सीलिंग फेसवर (गळती रोखणाऱ्या सपाट पृष्ठभागावर) आपटते. 'का निसटला' म्हणजे फायनल इन्स्पेक्शनला तो फेस खालच्या बाजूला असतो आणि नग उलटा करून बघायचं वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलंच नाही. पहिलं उत्तर बहुतेक जण आणतात. कस्टमर मात्र दुसरंच विचारतो आणि तिथे त-त-प-प होतं.

उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला समज दिली' एवढंच असेल तर ती स्लाइड दाखवूच नका. माणूस बदलला की तो उपाय संपला. आणि पुरावा म्हणजे ट्रेनिंग शीटवरच्या सह्या नव्हेत. उपाय लागू झाल्यावर किती लॉट गेले, त्यांत किती नग तपासले आणि किती दोष मिळाले, ते हवं. तोच दोष दुसऱ्या पार्टवर येऊ शकतो का, तिथे काय केलं, याची एक ओळ तयार ठेवा. हा प्रश्न येतोच.

प्रतिसाद: रेघोटी

चार्टचं सांगते.

एक्सेलमधून आलेला चार्ट तसाच चिकटवू नका. आधी मागच्या आडव्या रेघा काढा. रेष एकच असेल तर लेजंडही (कुठली रेष कशाची ते सांगणारी चौकट) काढा. शीर्षकात 'पीपीएम ट्रेंड' लिहू नका, चार्ट काय सांगतोय ते लिहा: 'जुलैत फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) बदलल्यापासून पीपीएम निम्म्यावर'. १२ महिने, एक रेष, टार्गेटची तुटक रेघ, आणि उपाय लागू झाला त्या महिन्यावर एक बाण. बास.

पॅरेटोत दांडे उतरत्या क्रमाने लावा आणि 'इतर' कायम शेवटी ठेवा, तो दांडा मोठा असला तरी. तो सगळ्यात मोठाच निघाला तर मात्र दोषांचं वर्गीकरण चुकलंय, आधी ते सुधारा. थ्री-डी दांडे नकोत, मागचा दांडा किती उंच आहे ते कळत नाही. चांगलं-वाईट फक्त लाल-हिरव्याने दाखवू नका. तो फरक न दिसणारी माणसं असतात आणि जुना प्रोजेक्टर उरलेला रंगही धुऊन टाकतो. सोबत शब्द किंवा आकडा द्या.

आधी-नंतरचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच कोनातून, एकाच उजेडात काढा. मशिन केलेला ॲल्युमिनियमचा फेस चकाकतो, फ्लॅश मारला तर डेंटच गायब होतो. उजेड बाजूने तिरका पाडा, खड्ड्याची सावली दिसेल. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.

अक्षराचा आकार घरीच तपासता येतो. हॉलमधला पडदा ४ फूट उंच आणि शेवटची खुर्ची २८ फुटांवर असेल तर अंतर उंचीच्या सातपट झालं. १४ इंची लॅपटॉपचा स्क्रीन साधारण ७ इंच उंच असतो, त्याच्या सातपट म्हणजे ४९ इंच. स्लाइड शो लावून लॅपटॉपपासून चार फूट मागे उभ्या राहा/उभे राहा. जे वाचता येत नाही ते शेवटच्या खुर्चीलाही वाचता येणार नाही.

प्रतिसाद: कंट्रोल_झेड

मराठी स्लाइड्स: मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्यात आतली अक्षरं खरं तर इंग्रजी कळांची असतात, फक्त फॉन्ट ती मराठी दाखवतो. हॉलच्या पीसीवर तो फॉन्ट नसला की खरं रूप बाहेर येतं. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या'ची जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, हमखास तिथेच घोळ होतो.

युनिकोडमध्येही मंगलच्या भरवशावर राहू नका. विंडोज १०पासून तो वैकल्पिक फॉन्टच्या गठ्ठ्यात गेला, प्रत्येक पीसीवर असेलच असं नाही. निर्मला यूआय घ्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हवा असेल तर फाइल – ऑप्शन्स – सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर टिक करा. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो. सोबत पीडीएफ ठेवाच.

आता यापेक्षा गंभीर गोष्ट. एक्सेलचा चार्ट 'एम्बेड वर्कबुक' प्रकाराने पेस्ट केला तर पीपीटीच्या पोटात पूर्ण वर्कबुक जातं, सगळ्या शीटसकट. कस्टमरला फाइल पाठवली की त्याने चार्टवर राइट-क्लिक करून 'एडिट डेटा' म्हणायचं, तुमची कॉस्ट शीट त्याच्यासमोर. कंट्रोल + ऑल्ट + व्ही दाबून पेस्ट स्पेशलमधून पिक्चर म्हणून पेस्ट करा. 'लिंक' हा पर्यायही टाळा. पेन ड्राइव्हवर फाइल हलवली की लिंक तुटते आणि चार्टमध्ये जुनेच आकडे राहतात.

हॉलमध्ये: विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' करा, मग स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेल्या नोट्स फक्त तुमच्या लॅपटॉपवर दिसतात. ऑनलाइन मंडळी असतील तेव्हा कुठली स्क्रीन शेअर होतेय ते बघा, नाहीतर नोट्सच सगळ्यांना दिसतात. मधे चर्चा रंगली तर बी दाबा, पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत.

मायक्रोमीटर

लालपेन, उलटतपासणी, रेघोटीताई, कंट्रोल_झेड, सगळ्यांचे आभार. वर्कबुकचं ऐकून घाम फुटला, लगेच तपासतो. आवाज कापण्याचं काय? आणि बोलायचं मराठीत की इंग्रजीत?

प्रतिसाद: तिसरी घंटा

पहिल्या दोन मिनिटांत श्वास वर चढतो म्हणून आवाज कापतो. उपायही त्या दोन मिनिटांपुरताच लागतो. पहिली तीन वाक्यं शब्दन् शब्द पाठ करा, पुढचं मुद्द्यांवरून बोला. सगळंच पाठ केलं की मधे एक प्रश्न आला तरी दोरा तुटतो. उभं राहिल्यावर आधी श्वास पूर्ण सोडा, मग आत घ्या, मग बोला. घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, सोडत नाही. हातात सुटा कागद धरू नका, हाताची थरथर कागदावर दुप्पट दिसते. क्लिकर धरा. पेन ड्राइव्ह चालू न देणाऱ्या पीसीवरही क्लिकर बहुधा चालतो, कारण तो कीबोर्ड म्हणून ओळखला जातो. तरी आदल्या दिवशी लावून बघा.

पुढची स्लाइड येण्याआधी तिचं वाक्य बोला: 'डेंट कमी झाले, आता ब्लोहोलकडे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्यांकडे) बघू', आणि मग क्लिक. उलट केलं की स्लाइड आल्यावर तुम्हीही तिच्याकडे बघत उभे राहता आणि 'तर... हे...' सुरू होतं.

प्रश्न आला की पूर्ण ऐका. आधी उत्तर द्या, मग कारण. 'बंद झालं का?' याला 'नाही, १५ तारखेला होईल, ट्रे यायच्यात' म्हणा. ट्रेच्या कहाणीपासून सुरुवात केली की समोरच्याला पळवाट वाटते. माहिती नसेल तर 'तपासून आज ४ वाजेपर्यंत मेल करतो' म्हणा आणि समोरच लिहून घ्या.

भाषा: प्लांट हेड मराठी बोलत असतील तर बेधडक मराठीत बोला, स्लाइडवरच्या संज्ञा इंग्रजी असल्या तरी काही बिघडत नाही. कस्टमरची टीम बाहेरची असेल तर पाठ केलेली तीन वाक्यं इंग्रजीत किंवा हिंदीत तयार करा.

प्रतिसाद: कंट्रोल_झेड

राहिलं होतं. मीटिंगनंतर कस्टमरला पीपीटी नको, पीडीएफच द्या. लपवलेल्या स्लाइड्स असतील तर पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये 'इन्क्लूड हिडन स्लाइड्स'ची टिक काढा. पीपीटीच मागितली तर फाइल – इन्फो – इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवून नोट्स आणि कॉमेंट्स काढा. आणि क्रॉप केलेले फोटो: कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो, कोणीही क्रॉप ओढून उघडू शकतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'वर टिक करून सेव्ह करा. तुमच्या टेबलावर शेजारी दुसऱ्या कस्टमरचा पार्ट असेल तर तो फोटोत आलेला असतो.