आयसीयू सोडून नर्सिंग ट्यूटर व्हावं का? एमएस्सी करावीच लागेल का?

आयसीयूसिस्टर_सोलापूर

नमस्कार. माझं वय 33. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर दोन वर्षं मेडिकल वॉर्ड केला, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे पदविकेनंतरची नर्सिंगची पदवी. आता सहा वर्षं सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आयसीयूला आहे. मुलगी पहिलीत आहे. महिन्यात आठ-दहा नाइट पडतात.

आमच्याकडे बीएस्सीची मुलं पोस्टिंगला येतात. बरोबर आलेल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडे एका वेळी तीन वॉर्ड, म्हणून मुलं माझ्याच मागे असतात. मागच्या महिन्यात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सक्शन कसं करायचं, म्हणजे श्वासनळीतला कफ नळीने (कॅथेटरने) कसा ओढून काढायचा, ते दाखवत होते. म्हटलं, कॅथेटर आत गेला की तुम्हीही श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला म्हणजे पेशंटला त्याच्या कितीतरी आधी वाटलाय. दहा-पंधरा सेकंदांच्या वर जायचं नाही. एका मुलीने खरंच श्वास रोखला आणि हात आपोआप लवकर बाहेर घेतला. त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदा वाटलं की आपण हेच करायला हवं.

एका खासगी कॉलेजने ट्यूटर म्हणून बोलावलंय. पगार आतापेक्षा चार हजारांनी कमी, पण नाइट नाही. पोस्ट बेसिकवर पुढे जाता येतं का? बीएड लागतं का? एमएस्सी केली तर विषय कोणता घ्यावा? घरात सांगणारं कुणी नाही म्हणून इथे विचारतेय.

पाठ्यनिर्देशिका_विदर्भ

सिस्टर, तुमचा सक्शनचा प्रसंग दोनदा वाचला. तुम्ही शिकवताच आहात, आता त्याला कागदाचा आधार हवा.

बीएड लागत नाही. एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षात ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा पूर्ण विषय असतो. लेसन प्लॅन, प्रश्नपत्रिका काढणं, मूल्यमापन, सगळं त्यात येतं. आमच्या आधीच्या पिढीतल्या सिस्टर ट्यूटर डीएनईए हा पदविका अभ्यासक्रम करून यायच्या, आता वाट एमएस्सीची आहे.

पोस्ट बेसिक आणि वर्षभराचा अनुभव यावर ट्यूटर होता येतं, कॉलेज चुकीचं सांगत नाही. पण तुम्ही तिथेच थांबाल. असिस्टंट प्रोफेसरपासून वरच्या प्रत्येक पदाला एमएस्सी लागते. प्राचार्य व्हायचं तर भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एमएस्सीसह 15 वर्षांचा अनुभव, त्यातली बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवण्याची. हा हिशोब मी उशिरा मांडला. 1994 साली एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रशिक्षण केंद्रात पाठ्यनिर्देशिका, म्हणजे ट्यूटर, झाले आणि बारा वर्षं त्याच खुर्चीत राहिले. मुलं लहान, सासूबाई आजारी, पुढच्या वर्षी बघू. एमएस्सीला बसले तेव्हा वय 41. शेजारच्या बाकावर माझीच जुनी विद्यार्थिनी होती. तिने मला स्टॅटिस्टिक्स शिकवलं, त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. पण ती बारा वर्षं परत आली नाहीत. तुम्ही 33 च्या आहात. थांबू नका.

प्रवेशासाठी पोस्ट बेसिकला 55 टक्के हवेत, नर्स म्हणून नोंदणी चालू हवी आणि किमान एक वर्षाचा अनुभव. तुमच्यासारख्या पोस्ट बेसिकवाल्यांना तो पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो. विषय पाच: मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. तुम्ही मेडिकल सर्जिकलच घ्या. जागा मिळते म्हणून दुसराच विषय घेणाऱ्या खूप बघितल्या. मग आयुष्यभर पुस्तकातून शिकवतात आणि वॉर्डात मुलांच्या प्रश्नांना घाबरतात.

ते मुलांचे प्रश्न म्हणजेच हे काम. एक प्रसंग सांगते. पहिल्या वर्षाची एक मुलगी एका आजोबांना राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालत होती. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत, माप बरोबर घेतलं होतं. ट्यूब आत जाताना आजोबा खोकायला लागले, ओठ निळसर. वॉर्डातली अनुभवी सिस्टर म्हणाली, “ढकल, ढकल, जाईल.” मुलीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मॅडम, काढू?” मी फक्त मान हलवली. तिने ट्यूब मागे घेतली, आजोबांनी श्वास घेतला. ट्यूब श्वासनलिकेकडे चालली होती. मोठ्या माणसाने ढकल म्हटल्यावरही थांबायचं धाडस त्या मुलीत कुठून आलं? स्किल लॅबमधल्या मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आम्ही ती प्रोसिजर वीस वेळा केली होती आणि प्रत्येक वेळी मी विचारायचे, “खोकला आला, आता काय?” बीएस्सीचा नवा सेमिस्टर अभ्यासक्रम 2021-22 पासून आला, त्यात सिम्युलेशनला बरंच स्थान दिलंय. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण मॅनिकिन खोकत नाही. खोकला शिक्षकालाच आणावा लागतो, आणि तो आयसीयूत राहिलेल्या बाईला चांगला आणता येतो.

म्हणून एक विनंती. ट्यूटर झालात तरी सकाळी साडेसातला मुलांबरोबर वॉर्डात जा. मुलांनी काय केलं ते न बघता त्यांच्या लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सही करू नका. एकदाही नाही.

ब्रदर_मराठवाडा

मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त कागदांबद्दल लिहितो, कारण त्यात मी भाजलोय. पहिल्या नोकरीत एका खासगी कॉलेजने रुजू होतानाच माझी मूळ प्रमाणपत्रं ‘इन्स्पेक्शनसाठी’ ठेवून घेतली. सोडायचं ठरवल्यावर ती मिळायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत एक सरकारी जाहिरात गेली. ताई, मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी आणा.

दुसरं, ‘फक्त इन्स्पेक्शनपुरतं नाव द्या, यायची गरज नाही’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. शिक्षकाचं नाव एका वेळी एकाच संस्थेत असायला हवं. पैसे मिळतात हे खरं, पण तुमच्या नावावर जी मुलं शिकली असं दाखवतात, त्यांना प्रत्यक्षात कुणी शिकवलेलं नसतं. ती मुलं उद्या तुमच्याच आयसीयूत येतील.

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर सगळं जपा. अनुभव मोजताना तारखा बघतात, तोंडी काही चालत नाही. परिषदेची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, तेही विसरू नका.

आयसीयूसिस्टर_सोलापूर

मॅडम, ब्रदर, दोघांचे आभार. पोस्ट बेसिकला 61 टक्के आहेत, तेवढं तरी आहे. काल मिस्टरांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, दोन वर्षं मुलीला मी बघतो. कॉलेजला आज ‘नाही’ असं कळवलं. एकच शंका: एमएस्सीच्या दोन वर्षांत आयसीयूचा हात जाईल का?

पाठ्यनिर्देशिका_विदर्भ

नाही जाणार. मेडिकल सर्जिकलला क्लिनिकल पोस्टिंग असतंच, क्रिटिकल केअरसुद्धा येतं. प्रबंधाचा विषय तुमच्याच आयसीयूतला घ्या, सक्शनवरच घ्या ना. आणि सोडण्याआधी मेट्रनकडून अनुभवपत्र घ्या. त्यात ‘स्टाफ नर्स’ एवढंच नको, ‘आयसीयू’ असं स्पष्ट लिहून घ्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालून.