इंटर्नच्या पिशवीत प्लॅबचं पुस्तक: आमची मुलं परदेशी का निघाली?

मेडिसिनवाली

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी १९ वर्षं मेडिसिन शिकवते. गेल्या आठवड्यात राउंड संपल्यावर माझ्या युनिटच्या सहा इंटर्नना विचारलं, पुढे काय? दोघं नीट-पीजी (इथल्या एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) देणार. एकाची प्लॅबची (ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची परीक्षा) तयारी चालू, दोघं यूएसएमएलईला (तशीच अमेरिकेची परीक्षा) बसणार, आणि एक मुलगी जर्मन शिकतेय, बी-२ या पातळीपर्यंत पोचलीसुद्धा. म्हणजे सहातले चार बाहेर. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पैसा, दुसरं काय!" बहुतेक लोक हेच म्हणतात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

पैसा कोणाला नको असतो? पण नुसत्या पैशाचा हिशेब मांडला तर इथे एमडी करून जिल्ह्याच्या गावी दवाखाना टाकलेला फिजिशियन उत्तम कमावतो. बाहेर जायचं तर परीक्षांची फी, प्लॅबचा दुसरा भाग द्यायला मँचेस्टरची वारी, व्हिसा, आणि नोकरी लागेपर्यंत घरून पैसे मागवायचे. शेतकऱ्याच्या पोराला हे सोपं नाही.

मला दिसतं ते असं. पहिलं म्हणजे परीक्षेचा भरवसा राहिलेला नाही. २०२१ ची नीट-पीजी एप्रिलमध्ये व्हायची ती सप्टेंबरात झाली आणि जागा वाटपाचं समुपदेशन उजाडलं थेट जानेवारी २०२२ ला. २०२४ ची परीक्षा तर आदल्या रात्री पुढे ढकलली. पोरं रेल्वेत बसून दुसऱ्या शहरात पोचली होती. २०२३ ला जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रतेचं पर्सेंटाइल शून्यावर आणलं, म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. रोज बारा तास घोकंपट्टी केलेल्या मुलाला यातून काय कळतं?

दुसरं, आणि मला जास्त लागणारं: आम्ही शिकवत नाही. ओपीडीत तीनशे पेशंट असतात, वॉर्डात जमिनीवर गाद्या. इंटर्न रक्ताचे नमुने घेऊन लॅबला पळतो, एक्स-रे आणतो, स्ट्रेचर ढकलतो. वर्ष संपतं. त्याच्या हाताला धरून हृदयाचा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकवायला मला किती वेळा जमलं, हे मीच जाणते. मुलं शिकायला निघाली आहेत. त्यांना लोभी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तालुक्याचा डॉक्टर

मॅडम, आदर ठेवून असहमत.

मी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि बंधपत्राचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. आता सात वर्षं झाली, तिथेच आहे. माझ्या शिक्षणाचा खरा खर्च मी भरलेल्या फीच्या कितीतरी पट होता, आणि तो लोकांच्या करातून आला. त्याच्या बदल्यात महाराष्ट्र सरकार एमबीबीएसवाल्याकडून एकच वर्ष मागतं. तेही नको म्हणून दहा लाख भरून मोकळे झालेले वर्गमित्र मी पाहिलेत.

"शिकायला मिळत नाही" हे तर मुळीच पटत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर सर १९७६ ला महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावून माणसं मरत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून रात्रभर नोंदी ठेवल्या, पुढे प्राझोसिन हे औषध वापरलं, आणि हे काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बिरवाडीला कोणता शिक्षक होता? पेशंट हाच शिक्षक. मी स्वतः साप चावलेल्या माणसाच्या पापण्या पडताना बघून मण्यार ओळखायला शिकलो. मँचेस्टरला हे कोण दाखवणार?

रातपाळी

@तालुक्याचा डॉक्टर: बावस्कर सरांसारखा माणूस लाखात एक. अपवादावर व्यवस्था उभी करता येत नाही.

मी सर्जरीची जेआर-२, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. कॉलेजचं नाव घेत नाही. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सातला वॉर्डात येते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर जाते. हे आठवड्यातून दोनदा. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, आठवड्याला ४८ तास, असं केंद्राचं परिपत्रक १९९२ चं आहे. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा! मागच्या पावसाळ्यात चौतिसाव्या तासाला एचआयव्ही पेशंटची सुई माझ्या बोटात गेली. महिनाभर औषधं घेतली. सुट्टी मिळाली नाही.

आणि मार. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हाही डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा होताच की, २०१० चा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात आमच्यातलीच एक मुलगी ड्युटीवर असताना सेमिनार हॉलमध्ये मारली गेली. त्या रात्री आईचा फोन आला. ती काहीच बोलली नाही, नुसती रडत होती. आमच्या वॉर्डातही झोपायला खोली नाही, आम्हीही सेमिनार रूममध्येच बाकडी जोडून पडतो.

यूएसएमएलईच्या स्टेप-१ चा फॉर्म मी सप्टेंबरात भरला.

परतलेली

उत्तर इंग्लंडमध्ये चार वर्षं काम करून मी गेल्या वर्षी पुण्याला आले. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगायचं आहे.

मेडिसिनवाली, तुमचं निरीक्षण खरं आहे. तिथे दुसऱ्या महिन्यात माझ्याकडून हेपारिनचा (रक्त पातळ करणारं औषध) डोस चुकला. पेशंटला इजा झाली नाही, पण मी थरथरत होते. कन्सल्टंटनी मला बसवलं, डेटिक्सचा फॉर्म भरायला लावला (चूक झाली की नोंदवायची तिथली पद्धत), आणि आठवडाभरात त्या वॉर्डातला औषधांचा तक्ताच बदलला. इथे इंटर्न असताना अशीच एक चूक झाली होती, तेव्हा सगळ्या राउंडसमोर केसपेपरची फाइल माझ्या अंगावर आली होती. चूक तीच, पण इथे मी ती लपवायला शिकले होते.

पण रातपाळी, नीट ऐक. ब्रिटनची दारं आता मिटत चालली आहेत. २०२५ मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या साधारण १०,००० जागांना ३०,००० हून जास्त डॉक्टरांनी अर्ज केले, आणि त्यांच्या सरकारने तिथल्या पदवीधरांना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं. प्लॅब पास होऊन घरी बसलेली भारतीय मुलं मी ओळखते, त्यातली दोन मराठी. मीही चार वर्षं ट्रेनिंगबाहेरच्या नोकरीतच होते: रोटा (ड्युटीचा तक्ता) भरायचा, बढती नाही. अमेरिकेत तर निवासी डॉक्टरला आठवड्याला सरासरी ८० तासांची मुभा आहे, तिथे आराम मिळेल असं समजू नकोस. बाहेरच्या देशातून शिकून आलेल्या परदेशी अर्जदारांपैकी शंभरातले साठसुद्धा मॅचमध्ये (तिथल्या निवासी जागांच्या वाटपात) लागत नाहीत, आणि तुला सर्जरी हवी असेल तर वाट आणखी अरुंद. जे-१ व्हिसावर गेलीस तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे. ती टाळायची तर डॉक्टर न मिळणाऱ्या भागात नोकरी धरावी लागते. म्हणजे धडगावच, फक्त तिथलं.

जुना वाचक

आनंदीबाई जोशी १८८३ ला समुद्र ओलांडून गेल्या, तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच होती. जाणाऱ्याला जाऊ द्यावं.

तालुक्याचा डॉक्टर

@जुना वाचक: आनंदीबाईंचं उदाहरण इथे बसत नाही. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत म्हणून त्या गेल्या, परत येऊन काम करायचं ठरवून गेल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. बंग दांपत्य जॉन्स हॉपकिन्सला शिकलं आणि १९८६ ला गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. असं कोणी जात असेल तर मी स्टेशनवर पोचवायला येईन.

सातपुड्याकडचा

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी बहिणीला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. जवळच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, दिवाही आहे, पण भूलतज्ज्ञ नाही. जागा मंजूर, माणूस नाही. ९० किलोमीटर गाडी पळवली. बहीण वाचली, बाळ गेलं.

इथे वरपासून वाचताना मला रातपाळीताईंचा राग आला नाही. त्यांची सुई, त्यांची सेमिनार रूम वाचून वाईटच वाटलं. पण एक विचारतो. तुम्ही सगळे निघाल्यावर त्या टेबलाशी कोण उभं राहणार? मला खरंच उत्तर हवं आहे.

रातपाळी

दादा, माझ्याकडे उत्तर नाही. बहिणीला सांभाळा.

मेडिसिनवाली

सातपुड्याकडचा यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

मी "शिकायला जातात" म्हटलं, ते अजूनही म्हणते. पण माझ्या लिहिण्यात पेशंट कुठेच नव्हता, हे तुम्ही दाखवलंत. भूलशास्त्राची पीजी करून त्या टेबलाशी उभं राहायला कोणी तयार झालं, तरी तिथे एकट्याने २४ तास, ३६५ दिवस? दुसरा भूलतज्ज्ञ नाही, राहायला क्वार्टर नाही, बाळ गेलं की नातेवाईक डॉक्टरवरच धावणार. एकाऐवजी तिघांची जागा मंजूर होत नाही तोवर तिथे कोणी टिकणार नाही. त्यासाठी भांडायचं आमच्यासारख्या नोकरीत मुरलेल्यांनी. इंटर्ननी नव्हे. आम्ही भांडलो नाही.

माझ्या हातात एक युनिट आहे. सोमवारपासून इमर्जन्सी करून आलेल्या जेआरला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला घरी पाठवते आहे. त्या वेळेतल्या भरत्या मी आणि लेक्चरर बघतो. इंटर्नना नमुने घेऊन पळवायचं नाही, हेही ठरवलं. लॅबवाले चिडले आहेत.

जर्मन शिकणाऱ्या मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, मी जाणार आहे."

तालुक्याचा डॉक्टर

जाऊ दे तिला. पण बंधपत्राचं वर्ष इथे करून जाऊ दे. आमच्या केंद्रात दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा मार्चपासून रिकामी आहे. क्वार्टरला पाणी येतं, नर्सताई अनुभवी आहेत, आणि मण्यारीचा पेशंट आला तर रात्री दोनलाही मी तिला उठवून दाखवीन.