जुना डॉस प्रोग्राम नव्या संगणकावर: डॉसबॉक्स पुरेसा आहे का?

चर्चाप्रस्ताव: काळा पडदा

नव्या संगणकावर डॉसचा, म्हणजे विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीसाठी लिहिलेला, जुना प्रोग्राम उघडायला गेले की विंडोज तो चालवण्यास नकार देते आणि मग बहुतेक जण प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीचे पर्याय एकामागून एक बदलून पाहतात. तो वेळ वाया जातो. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये १६-बिट प्रोग्रामला आपण स्वतंत्र ८०८६वरच (इंटेलच्या जुन्या १६-बिट प्रोसेसरवरच) चालत आहोत असे भासवण्याची सोय होती आणि तिच्याच आधारावर विंडोज एनटीमधील एनटीव्हीडीएम हा भाग डॉसचे प्रोग्राम चालवत असे. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत काम करू लागला की ही सोय उपलब्ध राहत नाही, त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम आलेच नाही. ३२-बिट विंडोज १० हा शेवटचा आसरा होता; विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही.

म्हणून माझे मत असे आहे की डॉसबॉक्स हा जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम घ्यावा आणि दुसरे काही शोधू नये. तो प्रोसेसर, व्हीजीए हे चित्रकार्ड आणि साउंड ब्लास्टर हे ध्वनिकार्ड यांची नक्कल सॉफ्टवेअरमध्येच करतो, त्यामुळे खालचा प्रोसेसर कोणत्या घराण्याचा आहे याने त्याला फरक पडत नाही. फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केला, म्हणजे जोडला, की काम झाले.

प्रतिसाद: हिशोबनीस

असहमत. प्रस्तावात ‘प्रोग्राम’ म्हटले असले तरी डोळ्यांसमोर खेळ आहेत, असे वाटते. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठीच लिहिला गेला आणि त्याचे कर्तेही ही गोष्ट लपवत नाहीत. क्लिपर किंवा फॉक्सप्रो या डेटाबेस-भाषांमध्ये लिहिलेला हिशोबाचा प्रोग्राम पडद्यावर दिसू लागला म्हणजे तो ‘चालला’ असे होत नाही. तो एलपीटी१वर, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टवर, छपाई पाठवतो आणि मूळ डॉसबॉक्समध्ये ती छपाई घ्यायला कोणी नसते. बाहेरून फोल्डरमध्ये एखादी फाइल टाकली तर कंट्रोल-एफ४ दाबून यादी ताजी करेपर्यंत ती आतल्या प्रोग्रामला दिसत नाही. दोन संगणकांवरून एकच डीबीएफ, म्हणजे अशा प्रोग्रामांची माहिती साठवणारी फाइल, उघडायची असेल आणि एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याला थोपवायचे असेल, तर मी डॉसबॉक्सवर मुळीच विसंबणार नाही. अशा कामासाठी व्हीडॉस आहे: तो मजकुरी पडद्याच्या कार्यालयीन प्रोग्रामांसाठीच बनवलेला असून छपाई थेट विंडोजच्या प्रिंटरकडे सोपवतो. छपाईची सोय डॉसबॉक्स-एक्समध्येही आहे.

प्रतिसाद: सर्किट

दोघेही नकलेवरच का अडून बसला आहात? जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मुक्त पर्याय, आजही विकसित होत आहे. तो थेट यंत्रावर बसवला की मध्ये कोणीही राहत नाही. सीरियल पोर्टवरून एखादे मोजमापाचे उपकरण हाकणाऱ्या प्रोग्रामला वेळेचा जो काटेकोरपणा लागतो, तो कोणताही इम्युलेटर (नक्कल करणारा प्रोग्राम) खात्रीने देऊ शकत नाही.

प्रतिसाद: काळा पडदा

सर्किट, उपकरणाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी जुने यंत्रच सांभाळावे लागेल, नवे नव्हे. फ्रीडॉसला बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे जुन्या पद्धतीचे मूळ सॉफ्टवेअर, लागतो आणि नव्या संगणकांच्या यूईएफआयमधून, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या सॉफ्टवेअरमधून, जुन्या बायोसची सोय, म्हणजे सीएसएम, काढून टाकली जात आहे. तो सुरू झालाच तरी नव्या मदरबोर्डवरील ऑडिओ चिप साउंड ब्लास्टरच्या पत्त्यांवर उत्तर देत नाही, म्हणजे खेळ मुकाच राहतो.

शिवाय थेट यंत्राचा वेग हाच कित्येकदा शत्रू ठरतो. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनाचे क्रट युनिट (पडदा हाताळणारा तयार भाग) प्रोग्राम सुरू होताना घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे लूप किती वेळा फिरते ते मोजते आणि त्या आकड्याला ५५ने भागते. वेगवान प्रोसेसरवर भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि पहिला पडदा दिसण्याआधीच ‘रनटाइम एरर २००’ येऊन प्रोग्राम कोसळतो. फ्रीडॉसवर त्यासाठी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची चालवायची फाइलच, दुरुस्त करावी लागते. डॉसबॉक्समध्ये सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी केल्या की प्रोग्राम निमूट चालतो.

प्रतिसाद: नवी पाटी

मला हा वादच अनाठायी वाटतो. डीबीएफ हे गुप्त स्वरूप नाही, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ते सरळ उघडते. माहिती बाहेर काढावी आणि प्रोग्रामला निरोप द्यावा.

प्रतिसाद: हिशोबनीस

माहिती बाहेर निघेल, पण व्याज कोणत्या दिवसापासून धरायचे, पैसे कोणत्या टप्प्यावर पूर्णांकात आणायचे, कोणती नोंद रद्द समजायची हे नियम ईएक्सईमध्ये बंद आहेत आणि मूळ लेखकाचा सोर्स कोड बहुतेकांकडे नसतो. त्यात डीबीएफमधील खोडलेली नोंद फाइल पॅक करेपर्यंत, म्हणजे खोडलेल्या नोंदी कायमच्या काढून टाकेपर्यंत, जागच्या जागी, केवळ खुणेसह पडून असते. ही खूण न पाहणाऱ्या साधनाने माहिती काढली, तर रद्द झालेल्या पावत्याही बेरजेत येतील. स्थलांतर अवश्य करा, परंतु किमान एक हिशोबी वर्ष जुना प्रोग्राम व्हीडॉसमध्ये चालता ठेवून दोन्हीकडच्या बेरजा ताडून पाहा, आणि तोवर मूळ फोल्डरची एक प्रत केवळ वाचनापुरती बाजूला ठेवा.