मदत हवी आहे : स्टँड मिक्सरमधून उतरणारे तेल आणि ग्रीस बदलणे

फोंड्याला घरी पाव आणि पोई भाजण्यासाठी मी बाउल वर उचलला जाणारा, वजनदार स्टँड मिक्सर वापरते. पावसाळ्यापासून कोंड्याची घट्ट कणीक मळताना हुक बसतो त्या दांड्यावरून पिवळसर तेलाचा ओघळ उतरतो आणि एखादा थेंब कणकेत पडतो. तेवढी कणीक टाकून देताना फार वाईट वाटते. यंत्र बराच काळ बंद राहिल्यास ग्रीसमधून तेल सुटते, हे वाचले आहे. म्हणून दांडा पुसून यंत्र रिकामे चालवून पाहिले, कणीक निम्म्यावर आणली आणि वेग २ च्या वर नेला नाही, तरीही ओघळ थांबलेला नाही. गिअरचा आवाज बदललेला नाही, मोटरही तापत नाही. वॉरंटी संपली आहे आणि दुरुस्तीसाठी यंत्र मुंबईला पाठवा असे सांगितले जाते, जे एवढ्या वजनामुळे मला शक्य नाही.

त्यामुळे जुने ग्रीस पूर्ण काढून नवे भरण्याचे काम येथेच करून घ्यायचे आहे. खाद्ययंत्रांसाठीचे एनएसएफ एच१ दर्जाचे ग्रीस पणजी, मडगाव किंवा म्हापशात लहान डब्यात कुठे मिळेल, आणि हे काम विश्वासाने करणारा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का?