बिनदुधाची ठंडाई: पाणी वर, चोथा खाली. मदत हवी आहे

वर्धेकर: होळीला वीसेक पाहुणे आहेत, त्यातल्या दोघांना दूध चालत नाही. म्हणून सगळ्यांसाठीच बिनदुधाची करायची आहे. 100 ग्रॅम बदाम, खसखस, मगज बी, बडीशेप दोन-दोन चमचे, 12 मिरे, 6 वेलच्या. सगळं रात्रभर भिजवून 1 लिटर पाण्यासोबत एकदमच मिक्सरला लावलं, तर अर्ध्या तासात वर पाणी आलं. गरम केल्यावर फाटलंच. नारळाचं दूध टाकू का? लाइनचा (विजेचा) काही भरवसा नाही, हेही सांगून ठेवतो.

पाटावरवंटा: नारळ नको भाऊ. त्याचं तेल 24 अंशांखाली थिजतं, बर्फ पडला की वर पांढरे कण तरंगतात. तुमचं माप बरोबर आहे, पाणी चुकीच्या वेळी पडलं. पाणी जास्त असलं की बदाम नुसते गरगर फिरतात, वाटले जात नाहीत. बदाम सोलून घ्या, सालीनं तुरटपणा येतो. खसखस आणि मगज आधी चटणीच्या भांड्यात वाटा, मग मसाला, बदाम आणि 25 ग्रॅम भिजवलेले काजू. पाणी अर्धी वाटीच, तेही गारच. मिक्सर तापला की बदामाला तेल सुटतं. बोटात चोळून रवा लागला नाही की 700 मिली पाणी घाला, सुती कापडातून गाळा. चोथ्यात 150 मिली पाणी घालून पुन्हा एकदा पिळा. काजूनं दाटपणा येतो, दुधाची उणीव त्यानंच भरून निघते.

वर्धेकर: आणि गरम?

पाटावरवंटा: अजिबात नाही. उकळी आली की बदामातली प्रथिनं गोळा होतात. केशर कोमट पाण्यात भिजवा, रंग तसाही उतरतो.

अमरावतीची ताई: दादा, भिजवणीचं पाणी झोपण्याआधी एकदा बदला, या गरमीत आंबूस वास येतो. खसखस जुनी असली तर खवट लागते, चाखूनच घ्या. 100 ग्रॅमला सहा छोटे ग्लास होतात, म्हणजे वीस जणांना साडेतीनपट. पण मिरे दहापटीच्या उत्साहात टाकू नका, मुरले की तिखट चढतं. साखर 80 ग्रॅम दर घाण्याला.

लाइन असेल तेव्हा साखर घालून दाट गोळाच वाटून ठेवा, स्टीलचा डबा बर्फात. ठंडाई देण्याच्या तासभर आधी पाणी घालून गाळा. तळाशी थोडं बसणारच, प्रत्येक ग्लासाआधी पळी फिरवा.