स्नोमोबिलच्या स्कीखाली कार्बाइड किती इंची घ्यावं? जावयाची गाडी सरळ चालत नाही

टूलग्राइंडर_सांवेररोड (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या हवेत हा प्रश्न कुणाला पडणार नाही, पण धातू माझ्या रोजच्या हातातला आहे आणि मुलीची काळजी आहे, म्हणून विचारतो.

सांवेर रोडवर माझा टूल ग्राइंडिंगचा छोटा कारखाना आहे. एकतीस वर्षं लेथच्या टूलांवर कार्बाइडच्या (पोलादाहून खूप कठीण अशा) टिपा ब्रेझ करणं, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडणं, आणि डायमंड व्हीलवर त्यांना धार लावणं हेच काम. मुलगी आणि जावई अमेरिकेत मिशिगनच्या अगदी उत्तरेला, होटन गावात असतात. लेक सुपीरियरवरून येणारा वारा आपला सगळा बर्फ त्याच पट्ट्यात रिकामा करतो. शेजारच्या किवीनॉ काउंटीत १९७८-७९ च्या हिवाळ्यात एकूण ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे साडेबत्तीस फूट. तिथे हिवाळ्यात स्नोमोबिल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, ही आपल्याकडची मोटारसायकलच.

जावयाने नोव्हेंबरात एक जुनी गाडी घेतली. मागच्या रबरी ट्रॅकला स्टड, म्हणजे ते खिळे, नाहीत. सुरुवातीला हँडल वळवलं तरी गाडीचं नाक सरळच जायचं. म्हणून त्याने स्कीखालचे झिजलेले रनर, म्हणजे बर्फ कापणारे बार, काढून आठ इंच कार्बाइडचे, साठ अंशांच्या धारेचे नवे रनर टाकले. आता नाक वळतं, पण दोन नवे त्रास सुरू झाले. सरळ ट्रेलवर आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चरीत स्की शिरते आणि हँडल एकदम डावी-उजवीकडे हिसका देतं. आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. मुलगी मागे बसते. गेल्या रविवारी ती अर्ध्यातून उतरून चालत घरी आली.

जावई फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कार्बाइडच केलंत, तुम्हीच चार इंची करून आणा ना." फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. फोटोवरून मला समजलं ते असं: प्लास्टिकच्या स्कीच्या तळाला कण्यासारखी उभी कड असते, तिच्या खाली एक स्टीलचा गोल बार बसतो, बारला वरच्या बाजूला बोल्टसारखे स्टड असतात जे स्कीतून वर येऊन नटने आवळतात, आणि बारच्या खालच्या बाजूला खाच पाडून तिच्यात कार्बाइडचे त्रिकोणी तुकडे ब्रेझ केलेले असतात. हे मी करू शकतो. पण कार्बाइड कमी केलं की नाक पुन्हा सरळ जाईल का? लांबी महत्त्वाची की धारेचा कोन? आणि हा हिसका कार्बाइडचाच दोष आहे की दुसरं काही?

माजी_ईएमई_महू

दादा, मी फौजेत ईएमईत, म्हणजे यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो, शेवटची पोस्टिंग महूला, म्हणून इथेच राहिलो. काश्मीरमध्ये असताना आमच्याकडे स्नो स्कूटर दुरुस्तीला यायच्या. आमचा बर्फ भुसभुशीत आणि खोल. त्यात कार्बाइडचं काम थोडं, रुंद स्की तरंगली पाहिजे एवढंच. तुमच्या जावयाचा रस्ता दाबून सपाट केलेला आणि कडक, म्हणजे खेळ वेगळा.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. हँडल हिसके देतं अशी तक्रार आली की आम्ही रनर बघायच्या आधी गाडीचं नाक उचलून ठोकळ्यावर ठेवायचो. एकाने हँडल घट्ट धरायचं, दुसऱ्याने स्कीचं टोक धरून आडवं हलवायचं. टाय रॉडच्या (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकात, स्पिंडलच्या (ज्या उभ्या खुंटावर स्की वळते त्याच्या) बुशात, स्कीच्या मुख्य बोल्टात, जिथे टकटक जाणवेल तिथे प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. जुन्या गाडीत तो असतोच. नवीन धारदार कार्बाइड टाकलं की बर्फ स्कीला जास्त घट्ट पकडतो आणि आधी लपलेला प्ले हँडलवर येतो. आधी हे बघायला सांगा. पैसे लागत नाहीत.

सडबरीकर (मूळ रामबाग, इंदूर)

काका नमस्कार. मी कॅनडात ओंटारिओमधल्या सडबरीला असतो, चौदा हिवाळे गाडी चालवतोय. महूच्या काकांनी सांगितलं ते शंभर टक्के, पहिलं तेच. पुढचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण जावईबापूंनी केलेली चूक मीही पहिल्या वर्षी केली होती आणि माझ्या मागे माझी बायको बसली होती.

कार्बाइड एकट्याने विकत घ्यायची वस्तू नाही. पुढच्या स्कीची पकड आणि मागच्या ट्रॅकची पकड यांची जोडी लावायची असते. ट्रॅकला शंभर-दीडशे स्टड असतील तर मागून ढकलणारी ताकद जबरदस्त असते. तेव्हा पुढे चार इंच कार्बाइड असेल तर गाडी वळतच नाही, नाक सरळ रेटलं जातं. याच्या उलट, ट्रॅक नुसता रबरी आणि पुढे आठ इंच साठ अंशाचं पातं, तर पुढचा भाग बर्फात रुततो आणि मागचा मोकळा फिरतो. तुमच्या मुलीला बसला तो झटका हाच. आमच्याकडे ढोबळ हिशोब असा धरतात: स्टड नसतील तर चार, फार तर सहा इंच, शंभराच्या आसपास स्टड असतील तर सहा ते आठ, त्याहून जास्त स्टड आणि इंजिन ताकदवान असेल तर आठ-दहा. रनर बनवणारे आपापले तक्ते देतात, त्यात स्कीच्या मॉडेलप्रमाणे फरक असतो, ते बघायचेच.

कोनाचं तुम्हाला मी काय सांगावं. साठ अंशाचं पातं खोल शिरतं पण दगडावर चटकन तुकडा उडतो; नव्वद अंशाचं बोथट वाटलं तरी टिकतं. तिकडे ट्रेल ठिकठिकाणी डांबरी रस्ते ओलांडते, आणि होटनचा तो लिफ्ट ब्रिज हिवाळ्यात खालचा मजला स्नोमोबिलसाठी मोकळा ठेवतो. बर्फ उडून गेलेल्या जागी कार्बाइड थेट घासतं. म्हणून स्टड नसलेल्या गाडीला मी चार इंची नव्वदच सांगेन.

आता सुरुवातीला नाक का वळत नव्हतं? तुम्हीच लिहिलंय, जुने रनर झिजलेले होते. म्हणजे आठ इंचाची गरज कधी नव्हतीच, ताज्या धारेची होती. तरीही चार इंचात नाक थोडं सरळ जातंय असं वाटलं तर नवीन खरेदी न करता स्कीवरचा भार वाढवता येतो. मागच्या सस्पेन्शनमध्ये पुढच्या बाजूला एक पट्टा असतो, लिमिटर स्ट्रॅप. तो एक भोक आवळला की गाडीचं वजन स्कीवर जास्त येतं. तिथल्याच पुढच्या शॉकच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, कमी केला तरी तेच होतं. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याच ट्रेलवर जाऊन बघायचं. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हिसक्यासाठी तीन गोष्टी. एक, टो, म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोकं आत वळलेली आहेत की बाहेर. हँडल सरळ बांधून, स्कीच्या टोकांना ओढून धरणारी रबरी दोरी लावून (म्हणजे प्ले एका बाजूला जातो), दोन्ही रनरमधलं अंतर पुढे आणि मागे मोजायचं. पुढे एक ते दोन सूत जास्त हवं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. पुढे कमी निघालं तर गाडी सरळ चालूच शकत नाही. दुसरं, स्की आणि स्पिंडलच्या मध्ये रबराचा ठोकळा असतो. त्याच्या मागच्या बाजूखाली पातळ शिम (फट भरायची पट्टी) दिली की बारचा दाब मागे सरकतो. पातं स्पिंडलच्या मागे ओढलं जायला हवं, बाजारातल्या हातगाडीच्या फिरत्या चाकासारखं. पुढे दाब असेल तर ते सारखं वळू पाहतं. तिसरं, जोडपात्याचे रनर मिळतात. एक पातं दुसऱ्या गाडीच्या चरीत बरोबर बसतं. दोन पाती थोड्या अंतरावर असली की दोन्ही एका चरीत मावत नाहीत. फरक खूप पडतो, पण हँडल जड होतं आणि किंमत जास्त. आधीच्या दोन गोष्टी करून पाहिल्याशिवाय याच्या मागे लागू नका.

टूलग्राइंडर_सांवेररोड

तुमच्या दोघांचे उपकार. हे मी छापून मशीनच्या भिंतीवर लावलं आहे.

एक विचारायचं राहिलं. आठ इंची बारमधले निम्मे तुकडे गरम करून काढले आणि बाकी तसेच ठेवले तर? किंवा इथून बार बनवून नेला तर? ब्रेझिंगची मला भीती नाही. सिल्व्हर ब्रेझिंगची पट्टी, फ्लक्स, सावकाश तापवणं, आणि नंतर पाणी न लावता चुन्यात किंवा राखेत गाडून थंड होऊ देणं. स्टील कार्बाइडच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून घाईने थंड केलेली टिप तडकते. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

सडबरीकर (मूळ रामबाग, इंदूर)

काका, तुमच्या ब्रेझिंगवर शंका नाही. अडचण बारची आहे. तो बार कुठल्या पोलादाचा, कसा कडक केलेला, हे आपल्याला कळत नाही. पुन्हा तापवला की मऊ होण्याचा धोका, आणि मऊ बार पहिल्या दगडावर वाकतो. वाकलेला बार म्हणजे पुन्हा तेच हिसके. शिवाय वरच्या स्टडमधलं अंतर प्रत्येक स्कीला वेगळं. एखादा स्टड तुटून बार लोंबला आणि मागे मुलगी असेल, तर... तुम्ही समजता. चार इंची तयार जोडी तिथेच घ्या.

तुमची कला दुसरीकडे लागेल. धार बोथट झाली की लोक बार फेकून नवा घेतात. तुम्ही डायमंडचा हातदगड घेऊन जा, जावयाला कोन राखून धार काढायला शिकवा. मोसमात दोनदा केलं तर पुरतं. नट मात्र फार आवळू देऊ नका. प्लास्टिकची कड दबते आणि बार धनुष्यासारखा होतो.

मशीनडिझाइन_ताई (लोकमान्यनगर)

मी पॉलिटेक्निकला शिकवते, बर्फ फक्त मनालीला पाहिला आहे. पण फिरत्या चाकाचं उदाहरण वाचलं आणि राहवलं नाही. मुलांना स्टिअरिंग शिकवताना आम्ही हेच सांगतो: जमिनीला टेकण्याचा बिंदू वळण्याच्या अक्षाच्या मागे असेल तर चाक आपोआप सरळ होतं, पुढे गेला तर अस्थिर. स्कीला चाक नाही, पण लांब पात्यात हा बिंदू पात्यावर कुठेही सरकू शकतो. आठ इंचाचं पातं स्पिंडलच्या पुढे जेवढं येईल तेवढा पुढचा भाग हँडलशी भांडणार. काका, जुन्या आणि नव्या बारवर कार्बाइडची सुरुवात स्पिंडलपासून किती अंतरावर आहे ते जावयाला फुटपट्टीने मोजायला सांगाल का? माझा अंदाज आहे, फरक तिथेही सापडेल.

टूलग्राइंडर_सांवेररोड

होटनहून लिहितो आहे. आम्हाला इथे येऊन बारा दिवस झाले.

पहिल्याच दिवशी गॅरेजमध्ये गाडीचं नाक उचललं. उजव्या टाय रॉडच्या बाहेरच्या टोकात प्ले होता, हाताला स्पष्ट टकटक. दोरी लावून मोजलं तर उजवी स्की आत वळलेली, एकूण टो-इन, म्हणजे पुढची टोकं आत, जवळजवळ दोन सूत! महूच्या दादांना माझा नमस्कार. टाय रॉडचं टोक बदललं आणि मॅन्युअलप्रमाणे टो-आउट केला, म्हणजे टोकं थोडी बाहेर. रनर तेच आठ इंची ठेवून जावई एकटा फिरून आला. हिसका निम्म्याहून कमी झाला होता, पण मागचा भाग अजून फिरत होता. मग चार इंची नव्वद अंशाची जोडी बसवली. लिमिटर स्ट्रॅपला हात लावायची वेळ आली नाही.

ताई, मोजलं. आठ इंची बारवर कार्बाइड स्पिंडलच्या पुढे सव्वादोन इंच येत होतं, चार इंचीवर फक्त अर्धा इंच. तुमचा अंदाज खरा निघाला. जावयाने मोजपट्टीचा फोटो तुमच्यासाठी काढून ठेवला आहे.

काल तिघं दोन गाड्यांवर बिल निकोल्स ट्रेलने टॉयव्होलापर्यंत जाऊन आलो. दुसरी गाडी शेजाऱ्याची. जुना रेल्वेमार्ग आहे, सरळसोट, दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं. मुलगी माझ्या जावयाच्या मागे बसली होती आणि परत येताना एकदाही उतरली नाही. घरी आल्यावर चहा घेताना म्हणाली, आता हँडल धरलेले त्याचे खांदे ताठ नसतात, मागून कळतं.

आज सकाळी रनर पुसून व्हर्नियर लावला. डाव्या पात्याची आतली बाजू उजव्यापेक्षा थोडी जास्त घासली आहे, बारा दिवसांत. सडबरीकर, हे वळणांमुळे असतं की टो अजून थोडा बघायला हवा? डावा-उजवा बार आपसांत बदलून चालतं का?