रोझेनवाल्ड शाळेतलं संग्रहालय: पैसा आधी कुठून उभा करावा?

चकोर:
नॉर्थ कॅरोलिनातल्या एका ग्रामीण काउंटीत दोन वर्गांची जुनी रोझेनवाल्ड शाळा आहे, म्हणजे उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्डच्या फंडाच्या मदतीनं कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेली. माजी विद्यार्थ्यांची संघटना तिथं काउंटीतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय चालवते. वर्गांचे फोटो, चर्चच्या नोंदवह्या, तंबाखूच्या शेतीची अवजारं आणि ध्वनिमुद्रित मुलाखती असा संग्रह आहे. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली ना-नफा आहे, पगारी माणूस कुणी नाही, संग्रहालय फक्त शनिवारी उघडतं. छप्पर गळतंय, खिडक्या कुजल्यात. जागा शेजारच्या चर्चची आहे असं सगळे म्हणतात. आमच्या मराठी मंडळातले काही जण अर्ज लिहायला मदत करणार आहेत. फेडरल अनुदान, फाउंडेशन की देणग्या, आधी कशाच्या मागे लागावं?

जुनी पानं:
कशाच्याच नाही. आधी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे खतांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात जाऊन मालकीची साखळी काढा. रोझेनवाल्ड फंडाची अटच होती की जागा आणि इमारत सरकारी शाळाखात्याच्या नावावर हवी, म्हणजे मूळ खत चर्चच्या नावावर असण्याची शक्यता कमी. शाळा बंद पडल्यावर अशा इमारती विकल्या गेल्या, आणि खतावर अनेकदा चार-पाच विश्वस्तांची नावं चढली. ते आज हयात नसतील तर वकील लागेल. नॅशनल पार्क सर्व्हिस या फेडरल खात्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन फंडातून बांधकामाला पैसा घेतला, तर मालकाला इमारतीच्या जतनाचा करार करून द्यावा लागतो. सही करायला मालकच सापडला नाही तर मंजूर अनुदानही अडकतं.

खिडक्यांना तोवर हात लावू नका. कुणी भलेपणानं प्लॅस्टिकच्या बसवून देतो म्हणाला, तरी नको. या शाळांच्या नकाशांत वीज गृहीतच नव्हती. उजेडासाठी ओळीनं मोठ्या खिडक्या ठेवत, आणि शाळेची ओळखही त्याच. त्या गेल्या की नॅशनल रजिस्टरचा, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीचा दावा लंगडा पडतो, आणि तिथली नोंद किंवा पात्रता नसेल तर बांधकामाची बहुतेक फेडरल दारं बंद. छपरावर ताडपत्री टाका आणि जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडून स्थिती-अहवाल करून घ्या. त्यासाठी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ना-नफा संस्थेची अडीच ते पाच हजार डॉलरची छोटी नियोजन अनुदानं असतात, पण तितकीच रक्कम आपली घालावी लागते.

त्याच खिडक्यांचा उजेड फोटोंच्या मुळावर येतो, हेही सांगून ठेवतो. भिंतीवर प्रती लावा, मूळ फोटो आम्लमुक्त खोक्यांत.

लेखाजोखा:
आयएमएलएस या संग्रहालयं-ग्रंथालयांना अनुदान देणाऱ्या फेडरल संस्थेकडे कृष्णवर्णीय इतिहासाच्या संग्रहालयांसाठी वेगळी अनुदान योजना आहे. २००३च्या ज्या कायद्यानं वॉशिंग्टनचं कृष्णवर्णीय इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं, त्यातूनच ती आली. पण वर्षात १२० दिवस उघडं असेल तरच संग्रहालय 'नियमित' हे आपोआप मानलं जातं. शनिवार धरून तुमचे ५२ होतात. आधी वेळ ठरवून दाखवत असाल तर तेही चालू शकतं, मात्र त्यानं लोकांची अडवणूक होत नाही हे पटवावं लागतं. पूर्ण वेळ एक माणूस हवा, तो बिनपगारी चालतो, किंवा अनेकांचे तास मिळून तेवढे भरले तरी चालतं. आठवड्याला ४० तास म्हणजे वर्षाला २,०८०. म्हणून स्वयंसेवकांची हजेरीवही आजपासून ठेवा.

फेडरल अनुदानासाठी सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी लागते. ती फुकट आहे, पैसे मागणारी पत्रं फेकून द्या. संस्थेचं नाव-पत्ता कागदपत्रांशी अक्षरशः जुळला नाही तर नोंदणी आठवडेच्या आठवडे लटकते, आणि दर वर्षी नूतनीकरणही लागतं. अंदाजपत्रकात अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे वीज-विम्यासारखा संस्थेचा सामायिक खर्च धरायला छोट्या संस्था विसरतात. ऑक्टोबर २०२४पासून सरकारशी दर ठरवण्याच्या वाटाघाटीशिवाय थेट खर्चाच्या १५ टक्के धरता येतात. पात्र थेट खर्च ६०,००० असेल तर ९,००० डॉलर. योजनेची स्वतःची मर्यादा मात्र तपासा. आणखी एक, करारापूर्वी सुरू केलेल्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि बरेचदा आधी खर्च, मग परतावा असतो. तेवढी रोकड हाताशी हवी.

नदीकाठ:
लेखाजोखा, सगळं बरोबर, पण रोजचा खर्च फेडरल पैशावर टांगू नका. एप्रिल २०२५मध्ये आयएमएलएसची मंजूर अनुदानं मध्येच रद्द झाली. पुढे न्यायालयानं ती परत आणली, पण मधल्या महिन्यांची बिलं कुणी भरायची?

नॅशनल ट्रस्टच्या आफ्रिकन अमेरिकन कल्चरल हेरिटेज अ‍ॅक्शन फंडाकडे संस्थेची क्षमता वाढवण्याचा वेगळा गट आहे. त्यातून पगारी माणूस नेमता येतो. छपराआधी मी तोच अर्ज करीन, कारण माणूस आला की १२० दिवसही भरतात. अनुदानं साधारण ५० हजार ते दीड लाख डॉलरपर्यंत असतात आणि स्पर्धा भयंकर. मुद्दल न मोडता फक्त उत्पन्न वापरायच्या कायम ठेवीच्या मोहात एवढ्यात पडू नका. अडीच लाख डॉलरवर ४ टक्क्यांनी वर्षाला दहा हजार सुटतात, आणि ते अडीच लाख उभे करण्यात सगळ्यांची दमछाक होते. त्यापेक्षा मंडळातल्या आयटीवाल्यांना विचारा. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालतात, काही स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे देतात. संस्था त्यांच्या पोर्टलवर नोंदलेली हवी, एवढंच.

अर्जाच्या मजकुरासाठी फिस्क विद्यापीठाच्या रोझेनवाल्ड संग्रहातलं तुमच्या शाळेचं कार्ड काढा. त्यावर कुणी किती पैसे दिले ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. १९३२पर्यंतच्या सगळ्या इमारतींचा हिशेब पाहिला तर कृष्णवर्णीयांनी ४७ लाख डॉलर घातले आणि रोझेनवाल्डकडून आले ४४ लाखांच्या आत. करापोटीचा पैसा वेगळा. नाव मात्र रोझेनवाल्डचं. तुमच्या गावाचा आकडा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात टाका.

जुनी पानं:
मुलाखतींची संमतीपत्रं आहेत का? नसतील तर जे हयात आहेत त्यांच्या सह्या आधी घ्या. हक्क स्पष्ट नसतील तर डिजिटायझेशनचा अर्ज तिथेच अडतो.